ट्रेंटहॅमच्या बागेतील भिंती : पार्श्वभूमी

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या दक्षिणेला असलेल्या ट्रेंटहॅमच्या उद्यानात आज पायऱ्या, कोरीव कठडे आणि दगडी कुंड्या जागच्या जागी आहेत. ज्या हवेलीसाठी हा सारा थाट मांडला गेला तिचा मोठा भाग मात्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पाडला गेला.

अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानरचनाकाराने येथील तलाव व परिसर घडवला. पुढे 1833 मध्ये सदरलंडचे दुसरे ड्यूक वारसाहक्काने मालक झाले आणि त्यांनी चार्ल्स बॅरी या वास्तुविशारदाकडे काम सोपवले. बॅरीला इटालियन पद्धतीची टप्प्याटप्प्यांची बाग करायची होती, पण अशी बाग डोंगरउतारावर शोभते आणि ट्रेंटहॅमची जमीन जवळजवळ सपाट होती. तेव्हा हवेलीपासून तलावापर्यंत उंचीचा जो थोडाफार फरक होता त्यातूनच त्याने वरचा आणि खालचा असे दोन टप्पे काढले, आणि त्यांच्या कडांवर बुटक्या भिंती व कठडे उभारून उतार प्रत्यक्षाहून मोठा भासवला. माझ्या मते त्याचे खरे कौशल्य हवेलीपेक्षा या भिंतींत दिसते.

हवेलीवर संकट आले ते ट्रेंट नदीतून. वरच्या बाजूची कुंभारकामाची शहरे वाढत गेली, त्यांचे सांडपाणी नदीत येऊ लागले आणि दुर्गंधीमुळे तेथे राहणे असह्य झाले. ड्यूकच्या कुटुंबाने 1905 मध्ये तेथील मुक्काम हलवला. वास्तू सार्वजनिक उपयोगासाठी देऊ केली असता ती कोणी स्वीकारली नाही, आणि 1911 मध्ये चौथ्या ड्यूकने ती पाडण्याचा निर्णय घेतला. पश्चिमेचे भव्य प्रवेशद्वार, शेजारचे चर्च आणि इतर काही थोडे भाग वाचले, तर मनोऱ्याचा वरचा भाग काही मैलांवरील सँडन येथे नेऊन उभारण्यात आला.

बागेतील भिंतींचे गणित वेगळे होते. घराचा दगड उतरवला की मोकळी जागा उरते. माती तोलून धरणारी भिंत काढली तर वरचा टप्पाच ढासळतो. 2004 च्या सुमारास उद्यानरचनाकार टॉम स्टुअर्ट-स्मिथ यांनी या बागेची पुनर्रचना केली, तेव्हा बॅरीची चौकट तशीच ठेवून आतील वाफ्यांत बहुवर्षायू फुलझाडे व गवते लावली. बागेचा मध्यअक्ष आजही तलावाकाठच्या पर्सियस या ग्रीक पुराणवीराच्या पुतळ्यापर्यंत सरळ जातो. त्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे हवेलीची दक्षिण बाजू होती, तिथे मोकळे आकाश दिसते.