हेडर नाही म्हणून कोड बेवारस होत नाही

विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात नवी पोरं येतात ती हा समज सोबत घेऊनच: फाइलच्या डोक्यावर हेडर, म्हणजे कॉपीराइट-लायसन्सची सूचना, नसलं तर कोड खुशाल उचलावा. आहे नेमकं उलट. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीसुद्धा लागत नाही. अमेरिकेत कॉपीराइटची सूचना छापायची सक्ती होती, तीही १ मार्च १९८९ पासून गेली. लायसन्सच नसेल तर परवानगी कसली?

दुसरा समज जास्त महागात पडतो. स्क्रिप्ट फिरवून सगळ्या फाइलींवर आपलं नाव चढवलं की झालं! आमच्यातल्या एका पठ्ठ्यानं तेच केलं. बाहेरून घेतलेल्या, एमआयटी या मोकळ्या वापराच्या लायसन्सखालच्या लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) मूळ सूचना पुसून आमचं हेडर बसलं. आणि ती सूचना जपणं हीच तर एमआयटीची अट. शिवाय पायथन स्क्रिप्टमधली पहिली ओळ, फाइल कोणत्या प्रोग्रॅमनं चालवायची ते सांगणारी हॅश-उद्गारचिन्हाची (#!), खाली ढकलली गेली. मग काय, पायथनचा कोड पायथनऐवजी शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, बिचारा वाचत बसला.

फाइलींवर हेडर चढवणारं गुगलचं ‘ॲडलायसन्स’ हे टूल ती ओळ वरच ठेवतं आणि आधीच लायसन्स असलेल्या फाइलीला हात लावत नाही. तरी बाहेरच्या लायब्ररीचा फोल्डर आम्ही आता वगळूनच ते चालवतो.