दुपट्याचा लळा

लहान मुलाचा जीव एखाद्या ठरावीक मऊ वस्तूत गुंततो. झोपताना, दुखलेखुपले असताना किंवा आई नजरेआड झाली की त्याला तीच वस्तू लागते. दुसरी, मग ती कितीही नवी आणि छान असो, चालत नाही. या जिव्हाळ्याला या नोंदीत दुपट्याचा लळा म्हटले आहे. वस्तू दुपटेच असते असे नाही. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या मराठी घरांत ती गोधडीचा कोपरा असते, आजीच्या लुगड्याचा तुकडा असते, आईची ओढणी किंवा विटलेला गाऊन असतो, बाळउशी असते, कापडी ससा असतो, क्वचित बाबांचा पंचाही असतो. मानसशास्त्रात तिला ‘संक्रमण वस्तू’ म्हणतात. घरात हे नाव कोणी घेत नाही. मूल बोलू लागले की स्वतःच तिचे बारसे करते, ‘मऊ’, ‘गोदी’, ‘पदू’ असे काहीतरी, आणि थोड्याच दिवसांत आजोबाही “गोदी कुठे ठेवलीस?” असे विचारू लागतात.

लळा साधारण चौथ्या ते बाराव्या महिन्यांच्या दरम्यान जडताना दिसतो. आधी बाळाचा अंगठा तोंडात जातो. मग त्याच हाताची उरलेली बोटे वरच्या ओठावर फिरू लागतात, किंवा दुसरा हात जवळचे कापड चाचपून तोंडाशी आणतो. काठाची शिवण, गोधडीचा गोट, उशीवरची कंपनीची गुळगुळीत पट्टी अशी एखादी जागा बोटांना सापडते आणि मग तीच जागा रोज शोधली जाते. अंधारातही ती सापडते. मूल कापड फक्त धरत नाही. चिमटीत घेऊन घासते, नाकाशी नेते, चोखते, चावते, रागात भिरकावते आणि लगेच रडून परत मागते. हे सगळे सोसूनही ती वस्तू तशीच राहते, यातच तिचे मोल आहे.

या वागण्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष वेधले ते डोनल्ड वुड्स विनिकॉट (१८९६–१९७१) या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात त्यांनी सुमारे ४० वर्षे मुले आणि त्यांच्या आया पाहिल्या. ते मनोविश्लेषकही होते. दुसऱ्या महायुद्धात शहरांतून गावांकडे हलवलेल्या, आईबापांपासून तुटलेल्या मुलांसाठीही त्यांनी काम केले. १९५१ मध्ये त्यांनी संक्रमण वस्तूंवरचा निबंध वाचला. तो १९५३ मध्ये छापून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अगदी तान्ह्या बाळाला आपण आणि आई वेगळे आहोत हे उमगलेले नसते. ते उमगू लागते तेव्हा मधल्या रिकाम्या जागेत बाळ एक वस्तू आणून ठेवते. ही वस्तू आई नाही आणि बाळ स्वतःही नाही. ‘मी नव्हे’ अशी ती त्याची पहिली मालमत्ता. बाहेरून पाहणाऱ्याला ते कापड दुकानातून आलेले दिसते, पण बाळाच्या लेखी ते त्यानेच निर्माण केलेले असते. हे तुला सापडले की तू घडवलेस, असा प्रश्न मुलाला कोणी विचारायचा नाही, हा मोठ्यांनी न बोलता पाळायचा करार आहे, असे विनिकॉट यांनी लिहिले. मुलगा आणि मुलगी यांच्यात या बाबतीत त्यांना लक्षणीय फरक दिसला नाही. खेळ, कल्पना आणि पुढे कला यांची सुरुवात त्यांना याच मधल्या जागेत दिसली. आपल्याकडे ज्याला ‘चिंधी’ म्हणून हिणवले जाते, त्या गोष्टीला इतका मान देणारे दुसरे लेखन सहसा वाचायला मिळत नाही.

मऊपणाची ओढ केवळ दुधापायी नसते, हे अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांवरच्या प्रयोगांतून दाखवले. त्यांचा गाजलेला लेख १९५८ चा. पिलांसाठी ठेवलेल्या दोन बनावट आयांपैकी दूध तारेच्या ‘आई’कडे मिळत असले तरी पिले बहुतेक वेळ मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगून राहत. या प्रयोगांत पिलांचे झालेले हाल वाचवत नाहीत, पण पोट आणि माया या दोन वेगळ्या गरजा आहेत हे त्यांनी निर्विवाद केले. पुढे १९७५ मध्ये रिचर्ड पासमन आणि पॉल वाइसबर्ग यांनी मुलांना अनोळखी खोलीत खेळायला सोडले. ज्यांना दुपट्याचा लळा होता ती मुले दुपटे जवळ असताना, आई जवळ असलेल्या मुलांइतकीच मोकळेपणी खेळली आणि खोलीभर फिरली. नुसत्या आवडत्या खेळण्याने हे साधले नाही. प्रसंग फारच बिकट झाला तर मात्र दुपटे आईची जागा घेऊ शकत नाही, असेही पासमन यांच्या नंतरच्या कामातून दिसले.

तीच वस्तू का लागते, तशीच दुसरी का नाही? ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले आणि ते कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत काढते असे सांगितले. साध्या खेळण्याच्या बाबतीत मुले नवी प्रत घ्यायला तयार होती. जिवाभावाच्या वस्तूच्या बाबतीत बहुतेकांनी मूळ वस्तूच परत मागितली. काहींनी तर ती यंत्रात घालूच दिली नाही. मुलाला कापडाचा रंग आणि आकार नको असतो, ते कापड हवे असते.

आणि त्या कापडाचा वास हवा असतो. एडन मॅकफर्लेन यांनी १९७५ मध्ये नोंदवले की सहा दिवसांचे बाळही आपल्या आईच्या दुधाचा वास असलेल्या कापडाकडे, परक्या आईच्या कापडापेक्षा, जास्त वेळा मान वळवते. मराठी घरातले दुपटे या दृष्टीने बाजारातल्या बाहुल्याच्या पुष्कळ पुढे आहे. दुपटे म्हणजे दुहेरी कापड. बाळंतिणीच्या घरी नवे कोरे कापड बाळाच्या अंगाला लावायचे नाही, ही जुनी पद्धत. आजीचे नऊवारी, आजोबांचे धोतर, शेकडो वेळा धुऊन खळ पार निघून गेलेले, फाडून त्याची दुपटी आणि लंगोट करायचे. बारशाला टोपडी, झबली, कुंची आली तरी रोजच्या वापरात राहते ते हेच. गोधडीत तर घरातल्या दोन-तीन पिढ्यांची लुगडी थरांनी शिवलेली असतात. बाळ ज्या कापडाला बिलगते ते असे आधीच कोणाच्या तरी अंगाखांद्यावरचे असते. वेखंडाची पूड, शेकाच्या ओव्याचा धूर, तेल आणि दूध यांचा वास त्यात मुरत जातो.

असे असूनही ‘आमच्या वेळी मुलांना असलं काही नव्हतं’ असे आज्या सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. इटलीत गाडिनी दांपत्याने १९७० मध्ये केलेल्या अभ्यासात खेड्यांतल्या मुलांत असा लळा फार कमी आढळला, रोम शहरात बराच जास्त. कोरियातल्या मुलांची अमेरिकेतल्या मुलांशी आणि टोकियोतल्या मुलांची न्यूयॉर्कमधल्या मुलांशी केलेली तुलनाही त्याच दिशेची होती. जिथे मूल आईच्या कुशीत निजते, दिवसभर कोणा ना कोणाच्या कडेवर असते, तिथे वस्तूची गरज कमी भासते. आईच संक्रमण वस्तू असू शकते, हे विनिकॉट यांनीही मान्य केले आहे. आपल्याकडची मुले आईच्या कानाची पाळी चोळत झोपतात, कोपराची मऊ कातडी चिमटीत धरतात, मंगळसूत्राचे मणी फिरवतात, वेणीचे टोक नाकाशी धरतात. लळा तोच, फक्त वस्तूला हात-पाय आहेत. नोकरीच्या वेळी अडचण होते ती यामुळेच, कारण आईचा कान पाळणाघरात ठेवून येता येत नाही.

ठाणे–नवी मुंबईत ही वेळ जवळजवळ प्रत्येक नोकरदार घरावर येते. २०१७ मध्ये सुधारलेल्या मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवडे केली. त्यातले ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे आई पुन्हा लोकल पकडू लागते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचे असते. उष्टावण होण्याच्या सुमारास पाळणाघर सुरू होते. मूल अनोळखी चेहऱ्यांना बुजू लागते, आई दिसेनाशी झाली की कासावीस होते, तेही साधारण सहा-आठ महिन्यांपासून. आणि दुपटे आवडू लागण्याचे वयही हेच. सिडकोने अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेल्या घरांत वेगळ्या पाळण्याला जागा नसते आणि बाळ आईबाबांच्या मध्येच निजते. रात्री आई हाताशी, दिवसा दुपटे हाताशी, अशी दोन पाळ्यांतली व्यवस्था मग मूल स्वतःच लावून घेते. घणसोलीचे पाळणाघर आणि नौपाड्यातले आजोळ यांच्यामध्ये ट्रान्स हार्बर लोकलने ये-जा करणाऱ्या पिशवीत डबा, बाटली आणि गोदी, या तीन गोष्टी विसरून चालत नाहीत.

घर आणि बाहेरचे जग यांतले अंतर मुलासाठी कमी करावे, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आली, म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला घेऊनच शाळेत येऊ शकली. ज्या बालवाडीत पहिले काही आठवडे घरची वस्तू जवळ ठेवू देतात, तिथे याच समजुतीने काम चालते. ‘बाहेरची वस्तू आणू नये’ असा सरसकट नियम तीन वर्षांच्या मुलावर लावणे मला कठोर वाटते. बाई वस्तू दप्तरात ठेवायला सांगू शकतात. ती दप्तरात आहे एवढे ठाऊक असणेही पुष्कळ मुलांना पुरते.

घरोघरी खरा संघर्ष धुण्यावरून होतो. गोदी मळते, लाळेने आंबूस होते, आणि आजी ती बादलीत टाकते. धुऊन आलेले कापड मुलाला परके लागते, ते रडते, आणि सगळे म्हणतात, स्वच्छ केली तरी रडतोय. धुण्याने वस्तूच्या अनुभवात खंड पडतो, हे विनिकॉट यांनीही सांगितले आहे. जून ते सप्टेंबर प्रश्न आणखी बिकट होतो. येथल्या पावसात जाड गोधडी दोन-दोन दिवस वाळत नाही, पंख्याखाली टाकली तरी दमट राहते आणि तिला कुबट वास धरतो. अनुभवी आया काही गोष्टी करतात. मूल अगदी लहान असतानाच कापडाचे दोन तुकडे करून आलटून पालटून देतात, म्हणजे दोन्हींना सारखाच वास लागतो. दोन वर्षांच्या पुढे हे साधत नाही. दुपारच्या झोपेनंतर धुतात, रात्रीच्या आधी नाही. सुवासिक साबण टाळतात. आणि मुलाला सांगून धुतात, जमल्यास त्यालाच बादलीत बुडवू देतात. वाळल्यावर एक रात्र स्वतःच्या उशाशी घेऊन झोपणारी आईही असते. तिला हे कोणी शिकवलेले नसते.

वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना सैल दुपटे, उशी, कापडी प्राणी तोंडाजवळ राहू देऊ नये. श्वास कोंडण्याचा धोका असतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचाही हाच सल्ला आहे. बटणांचे डोळे, लांब नाड्या, सुटलेले धागे वेळीच काढावेत.

लळा सोडवण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी युक्ती म्हणजे वस्तू लपवायची आणि “काऊ घेऊन गेला” म्हणायचे. मूल त्या रात्री झोपते, हे खरे. पण जी वस्तू कधीच सोडून जात नाही म्हणून त्याने धरली होती, तीच न सांगता नाहीशी होते, आणि पुढे कितीतरी दिवस ते खिडकीतल्या कावळ्याकडे बघत राहते. “एवढा मोठा घोडा झालास, चिंधी धरतोस?” हे पाहुण्यांसमोरचे बोलणेही तसेच लागते. लोकलमध्ये किंवा बाजारात वस्तू खरोखरच हरवली तर दुसरी आणून ‘हीच ती’ म्हणू नये. मुलाला फरक कळतो. हरवली असे सांगावे आणि रडू द्यावे.

असा लळा असणे हे आईची माया कमी पडल्याचे लक्षण नाही, आणि नसणे हेही कशाची उणीव दाखवत नाही. मूल माणसांकडे पाठ फिरवून दिवसभर फक्त वस्तूतच रमत असेल, हाकेला वळत नसेल, बोलणे मागे पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. तेव्हाही चिंता माणसांशी तुटलेल्या नात्याची असते, दुपट्याची नव्हे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेमुळे मनाच्या प्रश्नांवर मराठीत मोकळेपणी बोलण्याची सवय या शहराला लागली आहे, तिचा येथे उपयोग होतो. अंगठा चोखण्याची सवय जोडलेली असेल तर कायमचे दात येण्याच्या सुमारास, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास, दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.

बहुतेक मुलांच्या बाबतीत वस्तू टाकावी लागत नाही. आधी ती बाहेर न्यायची राहते, मग फक्त रात्री लागते, मग फक्त तापात. मूल तिला विसरत नाही, तिच्यासाठी शोकही करत नाही. तिच्यातला अर्थ हळूहळू खेळांत, मित्रांत, गोष्टींत वाटला जातो. घरी ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा माळ्यावर जाते. धाकट्या भावंडासाठी गोधडी शिवायला काढली की तिचा उरलेला तुकडाही आतल्या थरात जातो, आणि दहा वर्षांची ताई त्या गोधडीवरून हात फिरवून तो कुठे आहे ते बरोबर दाखवते.