माठ पाझरतो, मग बरणी का नाही पाझरत?

उन्हाळ्यात माठाखालची ताटली कायम ओली असते, आणि फडताळातली लोणच्याची बरणी मात्र वर्षभर खार आणि तेल पोटात घेऊन बसते तरी खालचा कागद कोरडाच. दोन्ही मातीचीच भांडी. मी चाकावर काम शिकायला लागले तेव्हा कुठे यातली गंमत नीट कळली.

मातीचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात आणि मधल्या पाण्यामुळे ते एकमेकांवर सरकतात, म्हणून तर फिरत्या चाकावर नुसत्या बोटांच्या दाबाने भिंत वर चढते. पण हा ओलावा पुढे नीट गेला पाहिजे, सावलीत, हळूहळू. भांडं सुकताना आणि मग भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसतं, म्हणजे चहाचा मग हवा असेल तर चाकावर चांगला मोठाच करावा लागतो. आणि आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते, पाण्यापेक्षा साधारण १६०० पट जागा मागते आणि भांडं फुटतं, शेजारच्यालाही घेऊन जातं. सुकलं की नाही ते मी गालाला लावून बघते, गार लागलं तर अजून ओलं आहे.

माठाच्या मातीत कुंभार घोड्याची लीद, राख असं काहीबाही मिसळतात, आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, लीद जळून जाते आणि तिथे बारीक भोकं राहतात. आव्याची आच फार नसते त्यामुळे कण कडेकडेने चिकटतात पण वितळत नाहीत, मग पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणजे माठाला भोकं हवीच असतात. बरणीला ती अजिबात नकोत. म्हणून माती १२०० अंशांच्या वर भाजून घट्ट करायची आणि वर काचेचा थर द्यायचा. ग्लेझ म्हणजे दुसरं काही नाही, भांड्यावरच वितळवलेली काच.

काचेचा मुख्य माल सिलिका, वाळूत असते तीच, पण ती एकटी वितळायला १७०० अंश लागतात, तेवढ्यात भांड्याचाच लगदा होईल. म्हणून फेल्डस्पार नावाच्या खनिजाची पूड, खडू, लाकडाची राख असं काहीतरी घालायचं जे तिला आधीच वितळवतं, आणि थोडी चिनी माती, म्हणजे वितळलेली काच भिंतीवरून ओघळत नाही. हे सगळं पाण्यात कालवून दुधासारखं करायचं. एकदा हजारेक अंशांवर कच्चं भाजलेलं भांडं त्यात तीन-चार सेकंद बुडवलं की ते पाणी शोषून घेतं आणि अंगावर पावडरीचा थर बसतो. रंग मात्र तेव्हा काहीच कळत नाही, कोबाल्ट कार्बोनेट घातलेलं ग्लेझ भट्टीत जाताना फिकट जांभळट असतं आणि बाहेर येतं ते गडद निळं! तांब्याचं तर त्याहून भारी, भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवं, हवा कोंडली तर लाल.

पण खरी परीक्षा गार होताना असते. माती आणि काच दोन्ही आकसतात, सारख्याच आकसतील असं नाही. काच जास्त आकसली तर ती ताणली जाते आणि तडकते. मी एकदा घाई करून भट्टी लवकर उघडली तर आतून टिंग... टिंग असा बारीक आवाज यायला लागला, एकेक मग वाजत होता. ऐकायला इतकं गोड आणि मला रडू यायचं बाकी होतं. घाई केली हे खरं, पण मूळ दोष ग्लेझच्या कृतीतच होता. महिन्याभरात त्या मगांमध्ये चहाच्या रेघांचं जाळं दिसायला लागलं. उपाय ऐकून मला नवल वाटलं होतं: ग्लेझमध्ये सिलिका वाढवायची. फेल्डस्पार, राख यांतून येणाऱ्या सोडियम-पोटॅशियमने काच जास्त आकसते, सिलिकेने कमी. काच मातीपेक्षा किंचित कमी आकसली तर उत्तम, मग माती तिला दाबून धरते आणि भांडं उलट मजबूत होतं. फार कमी आकसली तर मात्र कडेचे टवके उडतात.

आता घरातली बरणी रिकामी झाली की उलटी करून बघा. हल्ली बहुतेक बरण्या साच्यातून येतात, पण बुडाशी एक खरखरीत, बिनचकाकीचं कडं दिसेल, तेवढ्या जागेवरचं ग्लेझ भट्टीत ठेवायच्या आधी ओल्या स्पंजने पुसून काढलेलं असतं. नाहीतर काच वितळून बरणी भट्टीच्या फळीलाच चिकटली असती.