कोट घ्यायला जायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे ऑल्टरेशनला असे बरेच कोट येतात ज्यांचं काहीच करता येत नाही, आणि नवाकोरा कोट घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणताना आम्हालाच कसंतरी होतं, म्हणून हा कागद छापलाय. आधी वाचलात तर आमचं थोडं काम कमी होईल, चालतंय.

पहिली गोष्ट खांदा. कोट घालून हात सैल सोडा, तुमच्या खांद्याचं हाड जिथे संपतं तिथेच शिवण संपली पाहिजे. शिवण दंडावर उतरली किंवा तिच्याखाली बाहीला खळगा पडला तर कोट मोठा आहे, दुकानदार काहीही म्हणो. खांदा कमी करायचा म्हणजे बाही, पॅड, अस्तर सगळं उसवून मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) नव्याने बसवायचा, त्या खर्चात दुसरा कोट बघितलेला बरा. उंचीचंही तसंच, खालून जास्त कापलं की खिसे घसरल्यासारखे दिसतात. बाकी कंबर आत घेणं, पॅन्टची उंची, मोहरी (पायाची खालची रुंदी) हे आमचं रोजचं काम. बाही पण होते, फक्त कफची काजं खरी कापलेली असतील तर ती वरून, मुंढ्याकडून आखूड करावी लागते आणि ते महागात जातं, म्हणून खोटी काजं दिसली तर नाक मुरडू नका.

सैल करायचं असेल तर आत माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) किती सोडलीय ते उलटं करून बघा. पॅन्टला मागे बहुतेक वेळा थोडी मिळते, रेडीमेड शर्टात जवळपास नाहीच. त्यामुळे शर्ट कॉलर बघून घ्यायचा, वरचं बटण लावून दोन बोटं आत गेली की झालं, पोटाला ढगळ असेल तर आम्ही बघून घेऊ.

आता घ्यायचं काय तर एक नेव्ही ब्लू जॅकेट, दोन ग्रे पॅन्ट (एक गडद, एक मध्यम), पांढरे नि फिकट निळे मिळून चार-पाच शर्ट, गडद ब्राऊन किंवा काळे बूट आणि त्याच रंगाचा बेल्ट. ऑफिस, इंटरव्ह्यू, समारंभ सगळं यात निघतं. सूटचा कोट दुसऱ्या पॅन्टवर घालायचा मोह होतो, पण मग एकटा कोटच झिजतो, एकटाच ड्रायक्लीनला जातो आणि वर्षभराने जोडी जुळत नाही.

लेबलवर सुपर १५० दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका हो. तो आकडा लोकर किती बारीक ते सांगतो, किती टिकेल ते नाही. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, सुपर १२० म्हणजे १७.७५, आणि जितका बारीक तितका मऊ पण तितकाच नाजूक, पॅन्ट असेल तर मांड्यांच्या मधे आधी विरते. रोजच्या वापराला १००-११० पुष्कळ झालं.

छातीपाशी बाहेरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं करून बघा. मधे तिसरा सुटा थर लागला तर कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं आतलं कापड, नाही लागला तर चिकटवलेलं फ्यूजिंग. फ्यूजिंग वाईट नाही, बजेटमध्ये तेच बसतं, पण सारखं ड्रायक्लीन केलं की कापडावर फोड येतात आणि ते आम्हालाही काढता येत नाहीत. ब्रश मारा, रुंद हँगरला लावा, ड्रायक्लीन डाग पडला तरच.

बुटांवर मात्र हात आखडू नका. वेल्ट (बुटाचा वरचा भाग नि सोल जोडणारी कडेची पट्टी) शिवलेला असेल तर सोल बदलून मिळतो, चिकटवलेला सोल सुटला की बहुतेक वेळा बूट गेलाच. आणि एकच जोड रोज नको, घामाने ओलं झालेलं चामडं वाळायला एखादा दिवस लागतो.

हो, नव्या कोटाच्या मागच्या कटवर दोऱ्याची फुली मारलेली असते ती कापून टाकायची असते! आमचे एक गिऱ्हाईक दोन वर्षं तसाच कोट घालून फिरत होते, घरच्यांना वाटायचं डिझाईनच आहे.

माप द्यायला येताना ज्या बुटांवर पॅन्ट घालणार तेच बूट घालून या, पाकीट नि मोबाईल रोजच्या खिशातच असू द्या. स्लीपरवर उंची घेतली की बुटावर पॅन्ट आखूड होते, आणि मग कापलेलं कापड आम्ही आणायचं कुठून?