हॉप-लागवड

हॉप हा उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण प्रदेशांत वाढणारा बहुवर्षायू वेल होय. त्याच्या मादी वेलावर येणारे शंकूच्या आकाराचे फुलोरे बिअरला कडवटपणा, गंध आणि टिकाऊपणा आणण्यासाठी वापरतात. ह्यूम्यूलस ल्यूप्युलस हे शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. भांग ज्या कॅनाबेसी कुलातली, त्याच कुलातला हा वेल आहे. मात्र भांगेतील मादक द्रव्य हॉपमध्ये नसते. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात. लागवडीत मादी वेलच ठेवतात आणि त्यांची वाढ बियांपासून न करता जमिनीखालच्या खोडाच्या तुकड्यांपासून किंवा छाट कलमांपासून करतात. छोट्या प्रमाणावर बिअर गाळणाऱ्या कारखान्यांसाठी हॉप पिकवणे ठाणे जिल्ह्यात, विशेषतः मुरबाड व शहापूर तालुक्यांतील घरच्या शेतीवर, कितपत शक्य आहे याचा विचार या नोंदीत मुख्यतः केला आहे.

नाव व उगम : ‘ह्यूम्यूलस’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. मातीला लॅटिनमध्ये ह्यूमस म्हणतात, त्यावरून हा शब्द आला, ही जुनी समजूत आता कोणी गंभीरपणे मांडत नाही. रशियन ‘ख्मेल’, फिनिश ‘हुमाला’ आणि हंगेरियन ‘कोम्लो’ ही नावे एकमेकांशी निगडित आहेत, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पण शब्द कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेला, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचे मूळ तुर्की भाषांत शोधतात. भाषाशास्त्रज्ञ वासिली अबायेव यांनी कॉकेशसमधील ओसेती या इराणी भाषेतल्या ‘खुमल्लग’ या हॉपवाचक शब्दाची फोड ‘आर्यांचा हओम’ अशी केली. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील हओम आणि वेदातील सोम हे एकाच मूळ शब्दाचे दोन अवतार असल्याने ही उपपत्ती मराठी वाचकाला साहजिकच मोहात पाडते. ती मान्य केली तरी तिच्यावरून एवढेच म्हणता येते, की एका इराणी भाषेने जुन्या पवित्र वनस्पतीचे नाव पुढे दुसऱ्याच वेलाला दिले असावे. सोम म्हणजे हॉप, असा अर्थ त्यातून निघत नाही. पारशी समाजाच्या यस्न विधीत होम म्हणून आजही एफेड्राच्या काड्या वापरतात, आणि सोमाच्या ओळखीसाठी सुचवलेल्या वनस्पतींत एफेड्राचा पक्ष अधिक सबळ वाटतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने ‘लूपस सालिक्टारियस’, म्हणजे वाळुंजांमधला लांडगा, अशा नावाच्या वनस्पतीचा उल्लेख केला आहे. ‘ल्यूप्युलस’ हे जातिनाम त्याच लांडग्याचे लघुरूप मानतात. तथापि प्लिनीची वनस्पती हॉपच होती, हे निर्विवाद नाही. बव्हेरियातील हालरटाऊ येथे ७३६ पासून हॉप पिकत असल्याचे वारंवार सांगितले जाते. या तारखेपेक्षा उत्तर फ्रान्समधील कॉर्बी मठाच्या ८२२ च्या नियमपत्रात बिअरसाठी हॉप गोळा करण्याचा जो उल्लेख आहे, तो अधिक विश्वासार्ह धरावा. इंग्लंडमधील केंट परगण्यात १९७० मध्ये सापडलेल्या, नवव्या शतकाच्या अखेरीस बांधल्या गेलेल्या नौकेत हॉपचे अवशेष मिळाले. शेतात मुद्दाम लागवड मात्र इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात, फ्लँडर्सकडून आली. बव्हेरियाच्या १५१६ च्या आदेशाने बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली.

मुंबई बंदराशी हॉपचा संबंध ‘इंडिया पेल एल’ या बिअरमुळे जोडला जातो. लंडनच्या हॉजसन या उत्पादकाने भारताच्या सागरी प्रवासासाठी ती खास शोधून काढली, ही कथा लोकप्रिय आहे. परंतु उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावे, असा सल्ला १७६० च्या दशकातच दिला जात होता. त्यामुळे तो एका व्यक्तीचा शोध नसून हळूहळू रुळलेली पद्धत होती, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

भारतातील लागवड : काश्मीरमध्ये एकोणिसाव्या शतकात लागवडीचे प्रयत्न झाले. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात १९७० च्या दशकापासून हे पीक घेतले जाऊ लागले. तेथे गोल्डन क्लस्टर, लेट क्लस्टर व हायब्रिड-२ या जाती प्रचलित झाल्या. पुढे बटाटा, वाटाणा आणि फ्लॉवर या पिकांनी बरीच जमीन व्यापली. देशात लागणारे हॉप आजही बहुतांशी आयातच होते. पुण्यात २००९ मध्ये आणि पुढील दशकात डोंबिवलीसारख्या ठिकाणी छोटे कारखाने सुरू झाल्यावर गंधासाठी हॉपची मागणी वाढली, कारण फिक्या लागर बिअरपेक्षा या कारखान्यांच्या बिअरमध्ये हॉपचे प्रमाण कितीतरी जास्त असते.

शंकूची रचना : पिकलेला शंकू अंगठ्याच्या पेराएवढा असतो. तो उभा चिरला, की पाकळीसारख्या सहपत्रांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी भुकटी दिसते. ही ल्यूप्युलिन ग्रंथींची रास असते. तळहातावर चोळल्यास ती आधी चिकट लागते, मग जातीनुसार संत्र्याच्या सालीचा, राळेचा किंवा गवताचा वास सुटतो आणि जिभेवर दीर्घकाळ कडवटपणा राहतो. हा कडवटपणा अल्फा आम्लांचा असतो. बिअरसाठी धान्याचा काढा उकळताना त्यांचे रूपांतर आयसो-अल्फा आम्लांत होते. चेक प्रजासत्ताकाच्या साझ जातीत अल्फा आम्ल साधारण ३ ते ५ टक्के, १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसृत झालेल्या कॅस्केड जातीत ४.५ ते ७ टक्के असते. सुगंध मिर्सीन, ह्यूम्यूलिन इत्यादी बाष्पनशील तेलांचा असतो.

ठाण्याचे हवामान : हॉपला कडाक्याची थंडी हवीच, ती मिळाल्याशिवाय तो फुलत नाही, असे पूर्वी मानत. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील विल्यम बावर्ले यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले, की फुलोऱ्यासाठी शीतकाल अनिवार्य नाही; निर्णायक घटक दिवसाची लांबी हा आहे. कोकणाच्या दृष्टीने हा निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा आहे. हॉप साधारणपणे ३५ ते ५५ अक्षांशांत पिकतो. तेथे जूनमध्ये दिवस मोठा असताना वेल तारेपर्यंत चढतो आणि दिवस आखडू लागले की फुलतो. ठाणे सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरातला अकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे येथे लावलेला वेल जणू कायमच शरद ऋतूत असतो. तो कमरेइतका होतो न होतो तोच फुलोरा धरतो आणि हाती मूठभर शंकू येतात.

यावर उपाय म्हणजे रात्री दिवे लावून दिवस कृत्रिमरीत्या लांबवणे. दक्षिण आफ्रिकेतील जॉर्ज परिसर, ब्राझील आणि अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे हा मार्ग अवलंबिला गेला आहे; फ्लॉरिडात अशा रीतीने वर्षातून दोन पिके घेता येतात, असे तेथील विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसले. प्रकाशसंश्लेषणासाठी लागतो तितका प्रखर प्रकाश यासाठी नको. वेलाला दिवस मोठा असल्याचे भासेल एवढा मंद प्रकाश पुरतो, त्यामुळे वीजखर्च आटोक्यात राहतो. वेल तारेला पोहोचला, की दिवे बंद करतात आणि फुलोरा येऊ देतात.

पावसाळा ही दुसरी अडचण, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती प्रकाशापेक्षाही अवघड आहे. जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी साचणाऱ्या भातखाचरात हॉपचे भूमिगत खोड कुजते. म्हणून लागवड वरकस उताराच्या जमिनीवर, उंच गादीवाफ्यांवर करणे योग्य ठरते. पावसाळ्यात वेल जमिनीलगत छाटून ठेवून ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर नवे कोंब वर घ्यावेत आणि मार्चची उन्हे तापण्यापूर्वी काढणी संपवावी, हे वेळापत्रक वरील कारणांवरून सयुक्तिक दिसते. भात निघाल्यावर वाल किंवा भेंडी घेणाऱ्या घराला ते परके वाटणार नाही.

मांडव व वेल चढवणे : युरोपात मांडव पाच-सहा मीटर उंच असतो. कारली, तोंडली यांच्या मांडवाची सवय असलेल्या शेतकऱ्याला अडीच-तीन मीटरचा ठेंगणा मांडव अधिक सोयीचा, कारण त्यात शिडी लागत नाही आणि घरच्या माणसांना हाताने तोडणी करता येते. इंग्लंडमध्ये अशा मांडवांसाठी १९९० च्या दशकात फर्स्ट गोल्डसारख्या बुटक्या जाती तयार झाल्या. हॉपला तणावे नसतात. खोडावरच्या आकडेदार केसांनी तो दोरीला धरून चढतो. वरून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतो, तर घेवड्याचा वेल त्याच्या उलट. घेवड्याच्या सवयीने हॉप गुंडाळला, तर दोन दिवसांत तो सुटून खाली लोंबतो. दोरीसाठी काथ्याचा सुंभ सर्वांत उत्तम. अमेरिकेतील मळ्यांतही श्रीलंकेहून आणलेला सुंभ वापरतात. प्लास्टिकची सुतळी वेलात अडकून राहते आणि काढणीनंतर खतात जाऊ शकत नाही. सुंभ मात्र वेलासकट कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येतो. वाळलेला वेल भाताच्या राबासाठी जाळण्याचा मोह टाळावा, कारण त्यातील सेंद्रिय अंश वरकस जमिनीलाच अधिक हवा असतो.

रोग व कीड : केवडा हा हॉपचा सर्वांत घातक रोग असून दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. खालच्या मीटरभरातील पाने काढून हवा खेळती ठेवणे आणि रोगमुक्त रोपे आणणे हे पहिले उपाय होत. बोर्डो मिश्रण त्यानंतर. मात्र तांबे जमिनीत साठत जाते, म्हणून सेंद्रिय शेतीतही त्याचा वापर मोजकाच असावा. याशिवाय भुरी, मावा आणि कोरड्या हवेत लाल कोळी यांचा उपद्रव होतो. जमिनीवर पेंढ्याचे आच्छादन आणि कडेने झेंडू व चवळी ठेवल्यास मित्रकीटकांना आसरा मिळतो.

उत्पादन व विक्री : युरोप-अमेरिकेत हेक्टरी सुमारे दीड ते दोन टन वाळलेले शंकू मिळतात. त्या हिशेबाने एका गुंठ्यात वीस-बावीस वेल आणि पंधरा-वीस किलो माल येतो. पहिल्या वर्षी यापेक्षा बराच कमी. ठाण्याच्या परिस्थितीत हा आकडा वरची मर्यादा समजावा. लिटरमागे पाच ग्रॅम हॉप घालणाऱ्या कारखान्याला पंधरा किलो माल तीन हजार लिटरला पुरतो. काढणीच्या वेळी शंकूत ७५ ते ८० टक्के पाणी असते. ते ६० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ८ ते १० टक्क्यांवर आणतात. शंकूचा मधला देठ वाकवल्यावर लवचिक राहिला तर माल ओला, कट्कन मोडला तर वाळलेला, ही जुनी परीक्षा आजही चालते. आयात होणाऱ्या, दाबून केलेल्या गोळ्यांशी किमतीत टक्कर देणे लहान शेताला शक्य नाही. ताजे, न वाळवलेले हॉप मात्र तोडल्यापासून दिवस-दोन दिवसांत भट्टीत पडावे लागतात आणि ते परदेशाहून येऊच शकत नाहीत. मुरबाडची पहाटेची तोडणी दुपारपर्यंत डोंबिवली किंवा नवी मुंबईत पोहोचते.