तेर येथील पुराणवस्तुसंग्रहालय

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी वसलेल्या तेर गावातील हे शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, आणि आसपासच्या शेतांतून जमवलेल्या पुराणवस्तूंवर उभे राहिले असून त्याला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. सोलापूरहून तुळजापूर-धाराशिवमार्गे किंवा बार्शीवरून येथे जाऊन एका दिवसात परतता येते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या 1ल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल भडोच बंदराकडे जात असे. चादरींच्या शहरातून आलेल्या पाहुण्याला याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे, मात्र त्या विणकरांशी आजच्या मागांचे नाते थेट जोडता येत नाही.

संग्रहालयाचे खरे वैभव सातवाहनकालीन लहान वस्तूंत आहे, आणि नेमक्या त्याच घाईने पाहिल्या जातात. पांढऱ्या केओलिन मातीच्या स्त्रीमूर्तींची पुढची व मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत दाबून नंतर जोडलेली असते. कुशीकडून निरखल्यास काही मूर्तींवर हा सांधा दिसतो. केशरचना, कर्णभूषणे, कमरेच्या मेखला यांचे बारकावे बोटाएवढ्या जागेत कोरलेले आहेत. शंखाच्या बांगड्या, अकीक व कार्नेलियनचे मणी, रोमन नाण्यांची नक्कल करून घडवलेली मातीची पदके यांतून येथील आवड आणि दूरचा व्यापार दोन्ही दिसतात. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य तर 1938 साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी आहे. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेल्याने ती मूर्ती त्यापूर्वीची ठरते आणि या शैलीच्या कालनिश्चितीला मोठा आधार मिळतो.

संग्रहालय पाहून झाल्यावर गावातील त्रिविक्रम मंदिर चुकवू नये. मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली ही विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह (प्रार्थनास्थळ) असावी, असे काही अभ्यासक मानतात. मातीच्या कलेसाठी नावाजलेल्या याच गावात संत गोरा कुंभारांची समाधी आहे. मध्ययुगीन शिलालेखांची ओढ असलेल्यांनी मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडलची वाट धरावी. भीमा-सीना संगमावरील तेथील मंदिरात शके 940, म्हणजे इसवी सन 1018 मधील मराठी लेख आहे.