उलटी खोचलेली फांदी मुळं कुठून काढते?

मृग बरसला की बेळगाव-खानापुरात एका परसातल्या फांद्या दुसऱ्या परसात जायला लागतात, आणि त्यांच्याबरोबर सल्लेही. मोबाईलवरचा ताजा सल्ला म्हणजे काडी बटाट्यात खोचून पुरा. मुळं फुटायच्या आत बटाटा सडतो आणि काडीलाही घेऊन जातो. जुना सल्ला, चोरून आणलेली फांदी हमखास जगते. हा मात्र पुष्कळदा खरा ठरतो, कारण चोरीची फांदी झाकून आणतात आणि त्याच संध्याकाळी लावतात. मागून आणलेली दोन दिवस कट्ट्यावर सुकत पडते.

आता जास्वंदीची, म्हणजे आपल्या कानडी शेजाऱ्यांच्या दासवाळाची, काडी शेंडा मातीत घालून उलटी खोचली तर? मुळं फुटू पाहतात ती मूळच्या बुंध्याकडच्याच टोकाला. ते टोक हवेत, ओलावा नाही, काडी वाळते. काडीला वरखाली कळतं कसं?

कोंब आणि कोवळी पानं ऑक्झिन हे संप्रेरक बनवतात. ते एक सौम्य आम्ल आहे. पेशीभित्तिकेतला ओलावा आंबट, सामू (पीएच, आंबटपणाचं माप) साडेपाचच्या आसपास. तिथं ऑक्झिनच्या काही रेणूंवर विद्युतभार नसतो, म्हणून ते पेशीच्या पातळ पडद्यातून आत झिरपतात. आतला सामू सातच्या जवळ. तिथं रेणू आपला हायड्रोजन सोडतो, ऋणभारित होतो आणि आल्या वाटेनं परत जाऊ शकत नाही. बाहेर पडायला दार लागतं. ही दारं म्हणजे ‘पिन’ नावाची प्रथिनं, आणि खोडात ती मुख्यतः पेशीच्या बुंध्याकडच्या बाजूला बसवलेली असतात. आत कुठूनही शिरा, बाहेर खालूनच. पुढच्या पेशीत तोच प्रकार. वेग तासाला साधारण १ सेंमी, म्हणजे वीतभर काडी दिवसाभरात पार. कापलेल्या टोकाशी वाट संपते, ऑक्झिन साचतं आणि तिथल्या रसवाहिन्यांलगतच्या पेशी मुळाची घडण सुरू करतात. काडी उलटी केली म्हणून दारं फिरत नाहीत.

एवढं कळलं की कापायचं कसं तेही कळतं. वळवानंतर फुटलेली आणि आर्द्रापर्यंत साल निबर होऊ लागलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. लांबी १५ सेंमी, डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या अर्धा सेंमी खाली तिरका, वरचा आडवा. मग उलटसुलट होत नाही. कळ्या खुडा. वरची दोन पानं ठेवा, पण अर्धी कापून. सगळी ठेवली तर पाणी उडून जातं, सगळी काढली तर अन्नही तुटतं आणि ऑक्झिनही.

खानापूरकडची तांबडी माती पावसानं बडवून घट्ट होते, निपाणीची काळी पाणी धरून बसते, दोन्ही नकोत. वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. एम-सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, असेल तर नितळ पाणी येईपर्यंत धुवा, तिची भुकटी हवेची वाट बुजवते. शेणखत मुळीच नको. खायला मुळं नाहीत, बुरशीला मात्र आमंत्रण.

मुळं फुटवायची पावडर म्हणजे बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल, ऑक्झिनचंच भावंड. पाकिटावर ०.१ ते ०.३ टक्के पाहून घ्या. ओल्या बुंध्याला १ सेंमी लावा, जास्तीची झटकून टाका. आधी दुसऱ्या काटकीनं मातीत भोक पाडून मग रोवा, नाहीतर पावडर वरच खरवडली जाते. जास्त लावल्यानं बुंधा काळा पडतो, डोळेही फुटत नाहीत. पाळीतल्या बाईचा हात लागला की कलम जळतं, ही समजूत निव्वळ अन्याय आहे. जळतं ते बोथट कात्रीनं चेंगरलेल्या बुंध्यामुळं. कण्हेर कापल्यावर मात्र हात धुवाच, चीक विषारी असतो.

जुलैत बेळगावात हवाच दमट, कुंडी फक्त पागोळीखाली नको. अथणीच्या कोरड्या हवेत वरून पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. बुंधा मऊ, काळा झाला तर पाणी जास्त. बुंधा टणक पण पानं माना टाकतात, तर हवा कोरडी.

पंधरा दिवसांत डोळे फुटले तरी हुरळू नका. तो फुटवा काडीतल्या शिदोरीवरचा असतो. बुंध्याची पांढरट गाठही मूळ नव्हे, ती जखमेवरची खपली. जास्वंद, एक्झोरा, अनंत यांना चार ते सहा आठवडे द्या. मग हलकेच ओढून पाहा. काडी अडली तर मुळं आली. बोगनवेलीला तेवढंही ओढू नका. तिची मुळं काचेसारखी तुटतात, ज्या पिशवीत लावली ती ब्लेडनं फाडून मातीच्या गोळ्यासकट हलवा.